आभासी स्नोमोबिल

आभासी स्नोमोबिल म्हणजे महाजालावरील सामायिक आभासी जगात, तेथील बर्फाच्छादित भूमीवर चालविता येणारे स्नोमोबिल या वाहनाचे संगणकीय प्रतिरूप होय. अशा जगात एकाच वेळी अनेक माणसे आपापल्या संगणकावरून किंवा भ्रमणध्वनीवरून वावरत असतात. त्यामुळे एकाने चालविलेले वाहन इतरांनाही दिसते, त्यांना धडकते आणि कधीकधी त्यांना पाठीमागच्या आसनावर बसवूनही नेते. सेकंड लाइफ हे वापरकर्त्यांनीच घडविलेले जग आणि पबजी या युद्धखेळातील विकेंडी हे बेट ही या प्रकाराची दोन भिन्न उदाहरणे आहेत. महाराष्ट्रातील अनेक तरुणांनी स्नोमोबिल पाहिले, ते यांतील दुसऱ्या ठिकाणी.

संज्ञा

स्नोमोबिलला मराठीत रूढ प्रतिशब्द नाही. ‘हिमवाहन’ हा शब्द सुबोध आहे, परंतु तो बर्फावरील कोणत्याही वाहनाला लागू पडतो. गुलमर्ग किंवा मनालीला जाऊन आलेले मराठी पर्यटक या वाहनाला सरसकट ‘स्नो स्कूटर’ म्हणतात. भाषेची ही अडचण स्वाभाविक आहे. आकाशातून पडणाऱ्या भुसभुशीत हिमाला आणि पाणी गोठून झालेल्या कठीण खड्याला मराठी व्यवहारात ‘बर्फ’ हा एकच, फारसीतून आलेला शब्द आहे. ‘हिम’ हा संस्कृत शब्द ग्रंथांत राहिला. दव, दहिवर, धुके, गार, गारपीट हे शब्द मात्र खेड्यापाड्यांत जिवंत आहेत, कारण त्या गोष्टी तेथे प्रत्यक्ष घडतात. कंधार, लोहा, अहमदपूर या भागातील माणसाने पांढरी झालेली जमीन पाहिली असेल, तर ती गारपिटीत. फेब्रुवारी-मार्च २०१४ मधील गारपिटीने मराठवाड्यातील अनेक जिल्ह्यांत उभी रब्बी पिके झोडपली आणि काही शिवारांत गारांचा थर साचला होता. त्या पांढऱ्या रंगाची आठवण सुखाची नाही. प्रस्तुत लेखात हिम आणि बर्फ हे शब्द समानार्थी वापरले असून वाहनासाठी ‘स्नोमोबिल’ हाच शब्द ठेवला आहे.

मूळ वाहन

आभासी प्रतिरूप समजण्यासाठी मूळ वाहनाची रचना थोडक्यात पाहणे आवश्यक आहे. पावसाळ्यात काळ्या रानात बैलगाडीचे चाक रुतते, कारण गाडीचा सर्व भार चाकाच्या अरुंद धावेवर येतो. भुसभुशीत हिमात चाकाची हीच गत होते. स्नोमोबिलला म्हणून चाके नसतात. पुढे दिशा देण्यासाठी दोन घसरपट्ट्या म्हणजे स्की असतात आणि मागे रणगाड्यासारखा, परंतु रबराचा रुंद फिरता पट्टा असतो. भार मोठ्या क्षेत्रावर पसरल्यामुळे वाहन रुतत नाही.

अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात कार्ल एलियासन यांनी १९२४ मध्ये इंजिन लावलेली घसरगाडी तयार केली. कॅनडातील क्वेबेक प्रांतातील जोसेफ-आर्मां बोंबार्डिए यांनी १९३७ मध्ये पट्ट्याच्या यंत्रणेचे एकस्व मिळविले आणि १९५९ मध्ये त्यांच्या कंपनीने ‘स्की-डू’ हे हलके, एकदोघांचे वाहन बाजारात आणले. आज आभासी जगात दिसणारी आकृती बहुधा या हलक्या वाहनाचीच असते.

आभासी बर्फ

वाहनापूर्वी भूमीचा विचार करावा लागतो. सेकंड लाइफ हे जग अमेरिकेतील लिंडन लॅब या कंपनीने २३ जून २००३ रोजी सर्वांसाठी खुले केले. कंपनीची स्थापना फिलिप रोझडेल यांनी १९९९ मध्ये केली होती. या जगाची भूमी चौरस ‘प्रदेशां’त विभागलेली आहे. प्रत्येक प्रदेश २५६ मीटर लांब व तितकाच रुंद असतो. असे हजारो प्रदेश एकमेकांना जोडून खंड तयार झाले असून त्यांपैकी सान्सारा या सर्वांत जुन्या खंडाच्या उत्तर भागात हिमप्रदेश आहे.

तेथील बर्फ हा चित्राचा प्रकार आहे. प्रत्येक प्रदेशाच्या भूमीला चार पोत दिलेले असतात आणि जमिनीच्या उंचीनुसार त्यांपैकी कोणता पोत दिसावा हे ठरते. पायथ्याला गवत, वर खडक, माथ्यावर हिम अशी मांडणी त्यामुळे करता येते. परंतु वस्तू कशा पडाव्यात, कशा घसराव्यात याचे गणित करणाऱ्या भौतिकी यंत्रणेला हा रंग माहीत नसतो. तिच्या लेखी पांढरी जमीन आणि हिरवी जमीन सारखीच. वापरकर्त्याने बांधलेल्या वस्तूंना द्रव्यप्रकार देता येतो, आणि त्या यादीत दगड, धातू, काच, लाकूड, मांस, प्लास्टिक व रबर आहेत, बर्फ नाही. यांपैकी सर्वांत कमी घर्षण काचेला असल्याने गोठलेले तळे बांधणाऱ्याला काच हाच जवळचा पर्याय उरतो.

याचा परिणाम असा की, सेकंड लाइफमध्ये निसरडेपणा जमिनीत नसतो, तो वाहनात असतो. स्नोमोबिल हिमावर जसे धावते तसेच ते डांबरी रस्त्यावर आणि कुरणातही धावते. बर्फाचा अनुभव देण्याची सर्व जबाबदारी वाहन घडविणाऱ्यावर येऊन पडते.

वाहनाची घडण

वाहनाचे दोन भाग असतात: दिसणारी आकृती आणि तिला चालविणारी आज्ञावली. प्रारंभी आकृती घनाकार, नळकांडी, गोल अशा मूलभूत घटकांना जोडून करावी लागत असे. २०११ पासून बाहेरच्या प्रणालीत तयार केलेली जाळीदार त्रिमितीय आकृती आणण्याची सोय झाली आणि स्की, पट्टा, काच यांचे बारकावे दाखविणे सोपे झाले.

आज्ञावली लिंडन स्क्रिप्टिंग लँग्वेज या भाषेत लिहितात. तिच्यात वाहनांचे काही तयार प्रकार आहेत: घसरगाडी, मोटार, नाव, विमान व फुगा. स्नोमोबिल यांपैकी पहिल्या दोहोंच्या मधोमध बसते, आणि कौशल्य पणाला लागते ते येथेच.

घसरगाडी या प्रकारात घर्षण तीन दिशांना वेगवेगळे मानलेले आहे आणि ते ‘कालमाना’ने सांगतात. कालमान म्हणजे वेग मूळच्या सुमारे ३७ टक्क्यांवर येण्यास लागणारा काळ. घसरगाडीचे पूर्वनिर्धारित कालमान पुढच्या दिशेला ३० सेकंद व आडव्या दिशेला १ सेकंद आहे. सेकंदाला २० मीटर, म्हणजे ताशी ७२ किलोमीटर वेगाने जाणारी घसरगाडी सपाटीवर मोकळी सोडली, तर ३० सेकंदांनंतरही तिचा वेग सेकंदाला सुमारे ७ मीटर राहील. तीच आडवी सरकू लागली, तर तीन सेकंदांत तो वेग जवळजवळ संपेल. बर्फावरची स्की पुढे सहज जाते आणि आडवी जाताना कडेने बर्फात रुतते, या साध्या निरीक्षणाचे हे अंकांतील रूप आहे. शाळेत घर्षण शिकविताना आपण एकच गुणांक सांगून मोकळे होतो. येथे दिशेनुसार घर्षण बदलते हे विद्यार्थ्याला हाताने अनुभवता येते.

घसरगाडीला इंजिन नसते हे गृहीत धरून या प्रकारात गती देणाऱ्या यंत्रणेचे कालमान १००० सेकंद ठेवलेले आहे, म्हणजे ती जवळजवळ निष्क्रिय असते. स्नोमोबिलसाठी हा आकडा एक-दोन सेकंदांवर आणावा लागतो. आडव्या दिशेचे कालमान वाढविले की वळणावर मागचा भाग बाहेर फेकला जातो आणि ताज्या हिमाचा भास होतो; ते अतिशय कमी ठेवले तर वाहन रुळावर चालल्यासारखे वाटते. चालक आसनावर बसला की आज्ञावली त्याच्या कळफलकाच्या बाणकळा आपल्या ताब्यात घेते आणि प्रत्येक कळेचे रूपांतर ढकलण्यात किंवा वळविण्यात करते. मागे उडणारा हिमाचा तुषार, इंजिनाचा आवाज आणि दिव्याचा झोत ही पुढची सजावट. तुषाराचा भौतिकीशी काही संबंध नसतो, तरीही वाहन खरे वाटण्यात त्याचा वाटा मोठा असतो.

२००८ मध्ये या जगातील भौतिकी यंत्रणेची जुनी आवृत्ती बदलून ‘हॅवॉक ४’ आणण्यात आली. यंत्रणा बदलली की जुन्या आज्ञावलींतील आकडे तेच राहूनही वाहनाची वागणूक बदलू शकते, आणि निर्मात्याला आपले वाहन पुन्हा जुळवून घ्यावे लागते.

सीमा आणि विलंब

ताशी ७२ किलोमीटर वेगाने जाणारे वाहन २५६ मीटरचा प्रदेश तेरा सेकंदांच्या आत ओलांडते. दर प्रदेशाचे गणित स्वतंत्र प्रक्रिया करीत असल्यामुळे सीमेवर एक नाजूक हस्तांतरण होते. वाहन, त्याच्या आज्ञावलीची त्या क्षणाची स्थिती, त्यावर बसलेला चालक आणि त्याच्या अंगावरील सर्व वस्तू हे सारे एका प्रक्रियेकडून दुसरीकडे पाठवावे लागते. दरम्यानच्या काळात चालकाच्या पडद्यावर वाहन जुन्याच वेगाने पुढे सरकताना दिसते, कारण तेथील प्रणाली अंदाजाने चित्र रंगवीत असते. हस्तांतरण पूर्ण झाले की वाहन एकदम आपल्या खऱ्या जागी येते. ते फसले, तर चालक एकीकडे आणि वाहन दुसरीकडे अशी अवस्था होते. अनुभवी चालक सीमा जवळ आली की वेग कमी करतात व कळ सोडून देतात. जिल्ह्याच्या नाक्यावर गाडी हळू करावी तसाच हा प्रकार. फरक इतकाच की, येथे न थांबल्यास गाडीच नाहीशी होते.

दुसरी अडचण अंतराची. प्रकाशतंतूतून संदेश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. नांदेड जिल्ह्यातून अमेरिकेच्या पश्चिम भागापर्यंतचे अंतर बारा-तेरा हजार किलोमीटर धरले, तर जाण्यायेण्यास किमान सव्वाशे मिलिसेकंद लागतात. तारेची वळणे आणि वाटेतील यंत्रे जमेस धरता प्रत्यक्षात त्याहून बरेच जास्त. ताशी ७२ किलोमीटर वेगाच्या वाहनाने तेवढ्या अल्पावधीत अडीच मीटर अंतर कापलेले असते. म्हणजे कंधारमधील चालकाला दिसणारे झाड आणि त्या जगातील झाड यांच्यात एका वाहनाच्या लांबीचे अंतर पडते. ज्या निसरड्या वाहनाला आधीच उशिरा वळावेसे वाटते, त्याच्या बाबतीत हा विलंब अधिक जाणवतो. आपला हात उशिरा पोहोचतो हे लक्षात घेऊन वळण आधीच सुरू करणे, हेच दूरस्थ चालकाचे कसब होय.

विकेंडी

पबजी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या युद्धखेळाची संगणकावरील पूर्ण आवृत्ती डिसेंबर २०१७ मध्ये आली आणि भ्रमणध्वनीवरील आवृत्ती २०१८ मध्ये. त्यातील विकेंडी हे एड्रियाटिक समुद्रात कल्पिलेले बेट डिसेंबर २०१८ मध्ये उपलब्ध झाले. सहा किलोमीटर लांब व तितक्याच रुंद असलेल्या या बेटाचा मोठा भाग हिमाच्छादित आहे. पावलांचे व वाहनांचे ठसे हिमावर उमटतात, त्यामुळे शत्रूचा माग काढता येतो आणि स्वतःचाही लपविता येत नाही.

येथील बर्फ सेकंड लाइफमधील बर्फाच्या उलट आहे. भूमीच्या प्रकाराची नोंद खेळाकडे असते, आणि चाकांची नेहमीची मोटार हिमावर घसरते. स्नोमोबिल मात्र तेथे पकड धरून चालते व हिमाबाहेर मंदावते. म्हणजे निसरडेपणा जमिनीत ठेवलेला आहे. दोघांना बसता येणारे हे वाहन खेळाडूला स्वतः घडविता येत नाही, विकत घेऊन ठेवता येत नाही. ते बेटावर जेथे सापडेल तेथून उचलायचे आणि सामना संपला की सोडून द्यायचे. घडणीचे स्वातंत्र्य नाही, पण त्या बदल्यात शंभर खेळाडूंना एकाच नियमाचे बर्फ मिळते. स्पर्धेसाठी हेच आवश्यक आहे.

महाराष्ट्रात या खेळाचा प्रसार स्वस्त भ्रमणध्वनी आणि स्वस्त डेटा यांच्या जोरावर गावोगाव झाला. मे महिन्यात पारा चाळीस अंशांच्या वर गेलेला असताना पाराच्या सावलीत बसून हिमावरचे वाहन पळविणारी मुले हे मराठवाड्यातील त्या काळचे एक विनोदी, पण खरे दृश्य होय. पालक आणि शिक्षक यांच्या तक्रारीही तितक्याच खऱ्या होत्या. खेळात जाणारा वेळ आणि वेशभूषेसारख्या वस्तूंवर होणारा खर्च हे त्यांतील दोन मुख्य विषय.

२ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या कलम ६९अ अन्वये ११८ उपयोजनांवर बंदी घातली. त्यांत पबजी मोबाइलचा समावेश होता. ऑक्टोबर अखेरीस भारतातील सेवा पूर्णपणे थांबली. दक्षिण कोरियाच्या क्राफ्टन कंपनीने जुलै २०२१ मध्ये भारतासाठी ‘बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया’ हा स्वतंत्र खेळ आणला आणि मर्यादित काळापुरती जुन्या खात्यातील वस्तू नव्या खात्यात नेण्याची सोय दिली. जुलै २०२२ मध्ये तोही उपयोजन-भांडारांतून काढला गेला व मे २०२३ मध्ये परतला. अठरा वर्षांखालील खेळाडूंसाठी त्यात दिवसाला तीन तासांची मर्यादा आहे. बंदी नसतानाही बेटे कायम राहतात असे नाही. कोणते नकाशे चालू ठेवायचे हे कंपनी वेळोवेळी ठरविते. संगणकावरील विकेंडीही काही काळ बाजूला ठेवून डिसेंबर २०२२ मध्ये बदललेल्या स्वरूपात पुन्हा आणण्यात आले.

मालकीचा प्रश्न

पबजीतील स्नोमोबिल कोणाचेच नसल्याने ते गमावण्याचा प्रश्न उद्भवत नाही. सेकंड लाइफमध्ये मात्र वाहन ‘लिंडन डॉलर’ या अंतर्गत चलनात विकले जाते, आणि हे चलन खऱ्या डॉलरमध्ये बदलता येते. वाहनाची प्रत काढणे, त्यात बदल करणे आणि ते दुसऱ्याला देणे या तीन परवानग्या निर्माता ठरवितो. प्रत काढण्याची परवानगी नसलेले वाहन सीमेवरील हस्तांतरणात हरवले, तर ते बहुधा ‘हरवले-सापडले’ या कप्प्यात परत येते. नेहमी येतेच असे नाही. अशा वाहनाने लांबचा प्रवास करणे म्हणून जोखमीचे मानतात. खाजगी जमिनीचा मालक आपल्या हद्दीत प्रवेशबंदीही घालू शकतो. भरधाव वाहन त्या अदृश्य भिंतीवर आदळून थांबते. वाहन पिशवीतून बाहेर काढण्यासही सर्वत्र मुभा नसते, त्यासाठी सार्वजनिक जागा राखून ठेवलेल्या आहेत.

खाते बंद झाले तर काय, हा यापेक्षा गंभीर प्रश्न आहे. पेनसिल्व्हेनियातील वकील मार्क ब्रॅग यांचे खाते लिंडन लॅबने जमिनीच्या एका वादग्रस्त खरेदीनंतर २००६ मध्ये गोठविले आणि त्यांची आभासी मालमत्ता त्यांच्या हातून गेली. वापरकर्ते आपल्या निर्मितीचे व जमिनीचे मालक आहेत असा प्रचार कंपनीने केला होता, हा ब्रॅग यांच्या दाव्याचा आधार. मे २००७ मध्ये तेथील संघीय न्यायालयाने वाद लवादाकडेच नेण्याची सक्ती करणारे कंपनीचे करारकलम अन्यायकारक ठरविले. त्यानंतर उभयपक्षी तडजोड झाली, आणि आभासी वस्तूची मालकी नेमकी कोणाची, यावर त्या खटल्यात निकाल लागला नाही. ‘विकत घेतले’ असे आपण म्हणतो तेव्हा प्रत्यक्षात वापरण्याचा परवाना घेतलेला असतो, हे करारात लिहिलेले असते. करार मात्र क्वचितच कोणी वाचतो. २०२० मध्ये ज्या मुलांची खाती एका आदेशाने निरुपयोगी झाली, त्यांनी ब्रॅग यांचे नाव ऐकले नसेल. प्रश्न दोघांचा सारखाच होता.

स्वतःच्या संगणकावरील प्रदेश

या परावलंबनाला एक पर्याय ओपनसिम्युलेटर या मुक्तस्रोत प्रणालीच्या रूपाने २००७ पासून उपलब्ध आहे. सेकंड लाइफसारखाच प्रदेश ती घरच्या किंवा शाळेच्या साध्या संगणकावर चालविते. वाहनांसाठीच्या आज्ञाही बहुतांशी त्याच असल्याने तिकडे शिकलेली स्नोमोबिलची आज्ञावली थोड्या फेरफाराने येथे चालते. २५६ मीटरपेक्षा मोठा सलग प्रदेश करण्याची सोय असल्यामुळे सीमेवरील हस्तांतरण टाळता येते, आणि यंत्र त्याच इमारतीत असल्यास विलंबही नगण्य होतो. संपूर्ण प्रदेश एका संचिकेत साठवून ठेवता येतो. ती ज्याच्याजवळ, त्याच्याजवळ ते जग. इतर वापरकर्त्यांची वर्दळ मात्र येथे आपोआप मिळत नाही. सहप्रवासी आपणच जमवावे लागतात.

भूमीची उंची दर मीटरला एक अंक या प्रमाणात, करड्या छटांच्या चित्रातून भरता येते. फेब्रुवारी २००० मध्ये अमेरिकी अवकाशयान एंडेव्हरवरून झालेल्या रडार मोजणीचे आकडे खुले असून त्यांतून पृथ्वीवरील बहुतेक भागांची उंची सुमारे ३० मीटरच्या अंतराने मिळते. मन्याड नदीकाठच्या कंधार परिसराचे आकडे घेऊन त्यावर पांढरा पोत चढविला, तर तेथे स्नोमोबिल चालविता येईल. फक्त २५६ मीटरच्या प्रदेशात एका बाजूला जेमतेम आठ-नऊ मोजणीबिंदू येतात. मधल्या जागा संगणक गुळगुळीत चढउतारांनी भरून काढतो. त्यामुळे राष्ट्रकूटकालापासूनचा वारसा सांगणारा कंधारचा भुईकोट, त्याचे बुरूज आणि त्याला वेढणारा खंदक यांपैकी काहीही त्या हिमभूमीत उमटणार नाही. ते हवे असल्यास प्रत्यक्ष किल्ल्यावर जाऊन, खंदकाच्या काठाने टेप धरून मोजमाप घ्यावे लागेल आणि ते अंक हाताने भरावे लागतील.